गतिरोधकाने झालेली मोटारीची हानी आणि भरपाईची दाद

गतिरोधकावरून जाताना मोटारीचे पोट घासले, ऑइलचा चेंबर फुटला किंवा चाकाची रिम वाकली, म्हणजे आपल्याकडील सर्वसाधारण वाहनधारक रस्ता करणाऱ्याच्या नावाने थोडा वेळ बोटे मोडतो आणि मग गॅरेजचे बिल निमूटपणे भरून मोकळा होतो. रस्ता सरकारचा, सरकारशी झगडणार कोण, आणि झगडून पदरात पडणार काय, ही समजूत लोकांच्या मनात इतकी खोल रुजलेली आहे की, ही हानी कोणाकडून तरी भरून मागता येते हा विचारही पुष्कळांना शिवत नाही. वस्तुतः सार्वजनिक रस्त्यावर हेतुपुरस्सर उंचवटा उभारणारी यंत्रणा, तो योग्य जागी असावा, ठरलेल्या मापाचा असावा आणि रात्रीच्या वेळी परगावच्या माणसालाही वेळीच दिसावा, एवढी जबाबदारी तो उभारतानाच पत्करीत असते. ती तिने पाळली नाही आणि त्यामुळे सावधपणे वाहन चालविणाऱ्याचे नुकसान झाले, तर भरपाई मागण्याचा अधिकार त्या वाहनधारकाला आहे. परंतु अधिकार असणे वेगळे आणि तो शाबीत करणे वेगळे. शाबितीची सारी सामग्री पहिल्या एकदोन दिवसांतच गोळा करावी लागते, कारण तक्रार पोहोचल्यानंतर तो उंचवटा खरडला जाण्याचा अथवा त्यावर नवे डांबर पडण्याचा संभव असतो, आणि मग बदललेल्या उंचवट्याची मापे पूर्वीच्या अपघाताविषयी काहीच सांगू शकत नाहीत.

या प्रकरणात सर्वांत विश्वसनीय साक्षीदार म्हणजे खुद्द गतिरोधकाचे माप होय. रस्तेबांधणीचे दंडक ठरविणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने १९८८ साली आपल्या ९९ क्रमांकाच्या पुस्तिकेत गतिरोधकांविषयी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि २०१८ साली त्या पुस्तिकेची सुधारित आवृत्ती काढली. सर्वसाधारण वाहतूक ताशी २५ किलोमीटरच्या वेगाने सुखरूप पार व्हावी म्हणून जो गोलाकार गतिरोधक १९८८ च्या तत्त्वांत सांगितला आहे, त्याची मध्यावरील उंची १० सेंटिमीटर, वाहनाच्या दिशेने रुंदी ३.७ मीटर आणि कमानीची त्रिज्या १७ मीटर आहे. लहान मोटारीच्या पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर साधारणतः २.४ मीटर असते. अशी मोटार या उंचवट्याच्या बरोबर मध्यावर आली असता तिची चारही चाके उंचवट्यावरच असतात, आणि पुढचे व मागचे चाक जेथे टेकते त्या जागा जोडणाऱ्या रेषेच्या वर उंचवट्याचा माथा जेमतेम ४ सेंटिमीटर येतो. चाकांमधील अंतर २.६ मीटर धरले तरी हा आकडा ५ सेंटिमीटरांच्या आसपासच राहतो. आपल्याकडील बहुतेक लहान मोटारींचे पोट रिकाम्या स्थितीत जमिनीपासून सुमारे १६ ते १७ सेंटिमीटर वर असते, आणि पाच माणसे व त्यांचे सामान यांच्या भाराने ते काही सेंटिमीटर खाली बसले, तरी अशा गतिरोधकावर ते घासण्याचे कारण उरत नाही. आता हाच उंचवटा ६० सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच आहे असे समजा. त्या वेळी पुढची चाके पलीकडच्या सपाटीवर उतरलेली असतात, मागची अद्याप अलीकडेच असतात, आणि तो १५ सेंटिमीटरांचा संपूर्ण कंगोरा मोटारीच्या पोटाखाली येतो. मग भरलेली मोटार चालकाने मुंगीच्या पावलांनी नेली तरी ती घासल्यावाचून राहत नाही. मोटार हळू का नेली नाही, हा जो प्रश्न प्रत्येक कार्यालयात पहिल्या झटक्यात विचारला जातो, त्याला हे गणितच उत्तर देते. शिवाय पुष्कळ ठिकाणी गतिरोधकाच्या पायथ्याशी, चाके नेमकी जेथे आदळतात तेथे, पावसाळ्यात डांबर उखडून खड्डा पडतो. चाके त्या खड्ड्यात उतरली म्हणजे उंचवट्याची परिणामी उंची तितक्याच मापाने वाढते. म्हणून माप घेताना या खड्ड्याची खोलीही अवश्य टिपावी.

हे माप घेण्यास अभियंता लागत नाही. गवंड्याकडची पाणसळ, ॲल्युमिनियमची एक लांब सरळ पट्टी आणि मीटरटेप एवढी सामग्री पुरते. सकाळी रहदारी सुरू होण्यापूर्वी, रस्त्यावर लक्ष ठेवण्यास आणखी एकाला उभे करून, पट्टी उंचवट्याच्या माथ्यावर ठेवावी, पाणसळ लावून ती समपातळीत धरावी आणि उंचवटा जेथे रस्त्याला मिळतो तेथे पट्टीपासून रस्त्यापर्यंतचे अंतर मोजावे. रस्त्याला चढउतार असल्यामुळे हे माप दोन्ही बाजूंनी घेऊन त्यांची सरासरी काढावी. मीटरटेपवरील आकडे स्पष्ट वाचता येतील असे छायाचित्र जवळून घ्यावे, आणि ती जागा कोणती हे शेजारच्या दुकानाच्या पाटीवरून वा विजेच्या खांबावरील क्रमांकावरून ओळखता येईल असे दुसरे छायाचित्र दुरून घ्यावे. त्याच तत्त्वांनुसार गतिरोधकाच्या अलीकडे ४० मीटरवर इशाऱ्याचा फलक असला पाहिजे आणि उंचवट्यावर काळेपांढरे पट्टे रंगविलेले असले पाहिजेत. तेव्हा ४० मीटर मागे चालत जाऊन, फलक नसलेली मोकळी कड आणि समोरचा न दिसणारा उंचवटा एकाच चौकटीत येतील असे छायाचित्र काढावे. अपघात रात्री झाला असेल तर हे छायाचित्र रात्रीच्या त्याच सुमारास काढलेले असावे, कारण दिवसा ठळक दिसणारा उंचवटा झिजलेल्या रंगामुळे रात्री डांबराशी एकरूप होऊन गेलेला असतो, आणि वादाचा मुद्दा नेमका तोच असतो. तयार रबराचे किंवा प्लॅस्टिकचे तुकडे खिळ्यांनी ठोकून केलेले जे गतिरोधक हल्ली वसाहतींतून दिसतात, त्यांचे काही तुकडे निखळून गेल्यावर खिळ्यांची टोके रस्त्यावर तशीच उभी राहतात आणि टायर फाडतात; टायर फाटला असेल तर या टोकांचे छायाचित्र घेण्यास विसरू नये.

मापाइतकेच जागेचेही महत्त्व आहे. गतिरोधक हे मुळात दुय्यम रस्त्यांसाठी, वस्तीतील अंतर्गत रस्ते, शाळा व रुग्णालये यांचा परिसर आणि मोठ्या रस्त्याला येऊन मिळणारे लहान फाटे यांसाठी सांगितलेले आहेत. राष्ट्रीय महामार्गासारख्या वेगवान रस्त्यावर त्यांना स्थान नाही, आणि केंद्रीय रस्ते मंत्रालयाने २०१६ साली राष्ट्रीय महामार्गांवरील गतिरोधक काढून टाकण्याचे आदेशही दिले होते. अशा रस्त्यावर गतिरोधकाने हानी झाली असेल तर उंचीचा वाद घालण्यापूर्वीच, तो तेथे असावा कशाला, हा प्रश्न उभा राहतो.

आता मोटारीकडे वळू. आघात झाल्याबरोबर मोटार कडेला घ्यावी, इंजिन बंद करावे आणि खाली वाकून तेल गळते आहे काय हे पाहावे. गळती दिसली, किंवा समोरच्या फलकावर ऑइलचा लाल दिवा लागला, तर काहीही झाले तरी इंजिन पुन्हा सुरू करू नये. टोचन करून गाडी न्यावी. फुटलेला चेंबर ही तुलनेने थोड्या खर्चाची बाब आहे. परंतु तेल निघून गेलेले इंजिन दोनचार किलोमीटर चालविल्यास ते जाम होते आणि खर्च कित्येक पटींनी वाढतो, आणि याच वाढीव खर्चाबद्दल विमा कंपनी, हे अपघाताचे प्रत्यक्ष नुकसान नसून नंतर गाडी चालविल्याचा परिणाम आहे, असे म्हणून दावा नाकारते. सर्वसाधारण पॉलिसीच्या शर्तींप्रमाणे तिचे म्हणणे बहुधा टिकते. ज्यांनी इंजिनाच्या संरक्षणाचे जादा कलम हप्ता भरून घेतलेले असेल, त्यांनी ते कलम वाचून पाहावे. विजेवर चालणाऱ्या मोटारींत बॅटरीची पेटी पोटाखालीच असते. तिला ठोसा बसला असल्याचा नुसता संशय आला तरी ती मोटार कंपनीच्या कार्यशाळेत तपासून घेतल्याशिवाय चार्जिंगला लावू नये.

विम्याविषयी आणखी थोडे सांगितले पाहिजे, कारण बहुसंख्य वाहनधारकांच्या हाती प्रत्यक्ष पैसा लवकर येण्याचा मार्ग हाच आहे. केवळ तृतीय पक्षाचा विमा असेल तर स्वतःच्या मोटारीच्या दुरुस्तीस त्याचा उपयोग नाही. स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचे कलम असलेली पॉलिसी असली पाहिजे. ती असल्यास घटना त्याच दिवशी कंपनीला कळवावी आणि सर्व्हेअरने पाहणी करीपर्यंत मिस्त्रीला एकही भाग उतरवू देऊ नये. सक्तीची वजावट १५०० सीसीपर्यंतच्या खाजगी मोटारीस १,००० रुपये आणि त्यावरील मोटारीस २,००० रुपये असते. त्याशिवाय जुन्या भागांवर घसारा कापला जातो, आणि रबर व प्लॅस्टिकच्या भागांवर तो निम्मा असतो. विनादावा सवलत दर वर्षी वाढत जाऊन २० टक्क्यांवरून ५० टक्क्यांपर्यंत पोहोचते आणि एका दाव्याने ती साधारणपणे शून्यावर येते. म्हणून दुरुस्तीचा खर्च थोडा असेल, तर दावा करून मिळणारी रक्कम आणि पुढील हप्त्यात गमवावी लागणारी सवलत यांचा हिशेब आधी कागदावर मांडावा. विमा कंपनीने जी रक्कम दिली तीच पुन्हा रस्त्याच्या मालकाकडून स्वतःसाठी वसूल करता येत नाही. ती वसूल करण्याचा हक्क त्या रकमेपुरता कंपनीकडे जातो. मात्र वजावट, घसारा, टोचनचा खर्च अशी जी रक्कम पदरची गेली, तिच्यासाठी स्वतः दाद मागण्यास अडचण नाही.

दाद कोणाकडे मागावयाची हे रस्ता कोणाच्या ताब्यात आहे यावरून ठरते, आणि येथेच अर्जदाराची सर्वांत अधिक वणवण होते. शहरातील रस्ता बहुधा महापालिकेचा किंवा नगरपरिषदेचा असतो, परंतु त्याच शहरातून जाणारा एखादा राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाच्या अखत्यारीत असतो. ग्रामीण भागात जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग किंवा ग्रामपंचायत, औद्योगिक वसाहतीत औद्योगिक विकास महामंडळ, आणि महामार्गावर महामार्ग प्राधिकरण वा पथकर वसूल करणारा सवलतदार, अशी वाटणी आहे. राष्ट्रीय महामार्गावरील तक्रार १०३३ या क्रमांकावर नोंदविता येते. इतरत्र मात्र एक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखविते, दुसरे तिसऱ्याकडे. ही टोलवाटोलवी थांबविण्याचे उत्तम साधन म्हणजे माहितीच्या अधिकाराखालील अर्ज होय. १० रुपयांच्या शुल्कात आणि ३० दिवसांच्या मुदतीत, तो रस्ता कोणाच्या ताब्यात आहे, त्या जागी गतिरोधक करण्याचा आदेश कोणी व कोणत्या तारखेस दिला, वाहतूक पोलिसांचा अभिप्राय घेतला होता काय, मंजूर नकाशातील मापे कोणती, कंत्राटदार कोण, आणि त्याचा दोषदायित्वाचा कालावधी संपला आहे काय, हे प्रश्न जन माहिती अधिकाऱ्याला विचारावेत आणि कार्यादेशाची व मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पानाची प्रत मागावी. मोजमाप पुस्तिकेत एक आकडा आणि रस्त्यावर दुसराच, असे निघाले म्हणजे पुढचे काम फार सोपे होते. असा कोणताही आदेशच अभिलेखात नाही, असे उत्तर आले तरी निराश होऊ नये. परवानगीवाचून झालेला उंचवटा आपल्या रस्त्यावर राहू दिला, हीच मग त्या कार्यालयाच्या कसुरीची नोंद ठरते.

बिनपरवाना गतिरोधकांविषयी मला विशेष तळमळीने सांगावेसे वाटते. वस्तीतील मंडळी लेकराबाळांच्या काळजीपोटी वर्गणी काढून, उरलेल्या काँक्रीटचा किंवा मुरुमाचा एक बांध एका रात्रीत रस्त्यावर घालतात. हेतू निर्मळ असतो, यात शंका नाही, परंतु त्या बांधावरून दुचाकीवर मागे बसलेली गरोदर स्त्रीही जाणार असते आणि मोडलेल्या मणक्याचा रुग्ण घेऊन निघालेली रुग्णवाहिकाही. सार्वजनिक मार्गात धोका वा अडथळा निर्माण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली ५,००० रुपयांपर्यंतच्या दंडास पात्र असा गुन्हा आहे, आणि हानी झाल्यास तो बांध घालणाऱ्या व्यक्तींवर दिवाणी दावाही लागू शकतो. ज्यांना आपल्या गल्लीत गतिरोधक खरोखर हवा आहे, त्यांनी प्रभाग कार्यालयाकडे व वाहतूक शाखेकडे लेखी मागणी करून तो मापात करून घ्यावा. गृहनिर्माण संस्थेच्या आवारातील गतिरोधकांनाही हाच न्याय लावावा. तेथे आवार संस्थेचे असल्यामुळे उत्तरदायित्वही संस्थेकडेच येते.

न्यायालयांची या बाबतीतील दृष्टी एकसारखी नाही, हे आधीच ध्यानात घ्यावे. दिल्लीच्या चांदणी चौकातील घड्याळाचा मनोरा कोसळून माणसे मेली, त्या प्रकरणात १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने, रस्त्यालगतची वास्तू कोसळली ही घटनाच निष्काळजीपणाची साक्ष आहे, अशी भूमिका घेऊन महापालिकेला जबाबदार धरले. उलट १९९७ साली राजकोट महापालिकेच्या प्रकरणात, रस्त्याकडेचे झाड अंगावर पडून झालेल्या मृत्यूबद्दल त्याच न्यायालयाने पालिकेवर दायित्व टाकले नाही. माझ्या मते गतिरोधकाचा विषय पहिल्या निर्णयाच्या अधिक जवळचा आहे: झाड आपोआप वाढते व आतून पोखरले जाते, गतिरोधक मात्र कोणीतरी ठरवून, पैसे खर्चून, विशिष्ट उंचीचा केलेला असतो, आणि त्याचा दोष उघड्यावर पडलेला असतो. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली खड्ड्यांविषयीच्या जनहित याचिकेत, चांगले व वाहतुकीस योग्य रस्ते मिळणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ खालील हक्काचा भाग आहे, असे स्पष्ट केले. महाराष्ट्रातील अर्जदाराने आपल्या अर्जात या निर्णयाचा उल्लेख अवश्य करावा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९८-अ रस्त्याच्या रचनेचे दंडक पाळणे संबंधित प्राधिकरणावर व कंत्राटदारावर बंधनकारक करते, परंतु त्यातील एक लाख रुपयांपर्यंतचा दंड हा मृत्यू किंवा अपंगत्व आले असेल तरच लागू होतो. नुसत्या मोटारीच्या हानीसाठी त्याचा आधार अप्रत्यक्षच आहे.

प्रतिवादीचे पहिले म्हणणे, चालकाचा वेग जास्त होता, हेच असणार. त्यात तथ्य असेल तर भरपाई त्या प्रमाणात कमी होते, आणि फलक, पट्टे व माप ही सर्व यथायोग्य असताना वेगामुळेच आदळआपट झाली असेल तर ती हानी चालकाने स्वतःच सोसली पाहिजे. तेथे दाद मागणे न्याय्य होणार नाही. मोटारीची उंची स्प्रिंग बदलून खाली आणलेली असेल, किंवा मर्यादेपलीकडे माणसे भरलेली असतील, तरीही दावा लंगडा पडतो. म्हणून डॅशकॅमचे चित्रण असल्यास ते ताबडतोब वेगळे काढून ठेवावे, सहप्रवाशांची व जवळच्या दुकानदाराची सही असलेली हकिगत त्याच दिवशी लिहून घ्यावी, आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. कार्यशाळेच्या जॉबकार्डावर, आघात खालून झाला आहे, असा स्पष्ट शेरा मिस्त्रीकडून लिहून घ्यावा आणि बदललेले जुने भाग भंगारात न देता जपून ठेवावेत. खरचटल्याच्या रेघांची दिशा व त्यांत रुतलेले डांबर पुष्कळ काही सांगते.

भरपाईचा अर्ज महापालिकेत आयुक्तांच्या नावे, व बांधकाम विभागाच्या रस्त्याबाबत कार्यकारी अभियंत्यांच्या नावे लिहावा. त्यात दिनांक, वेळ, जागा, मोटारीचा क्रमांक, अंदाजे वेग, घेतलेली मापे, फलकाचा व पट्ट्यांचा अभाव, आणि पावत्यांच्या आधाराने मागितलेली नेमकी रक्कम एवढेच असावे. संतापाची वाक्ये अर्जाला दुबळे करतात. अर्ज आवक विभागात देऊन शिक्का घ्यावा किंवा पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवावा. उत्तर न आल्यास दिवाणी दाव्यापूर्वी रीतसर नोटीस द्यावी लागते, आणि येथे मुदतीकडे डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ प्रमाणे, आणि मुंबईपुरते १८८८ च्या अधिनियमाच्या कलम ५२७ प्रमाणे, नोटिशीनंतर एक महिना थांबावे लागते व घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल व्हावा लागतो. रस्ता राज्य शासनाचा असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते. माहिती अधिकाराच्या उत्तराची वाट पाहण्यात हे सहा महिने निघून जाण्याची भीती असते, म्हणून दोन्ही अर्ज एकाच दिवशी पाठवावेत आणि वकिलाची गाठ चौथ्या महिन्यापूर्वी घ्यावी. रस्ता पथकराचा असेल तर वाट अधिक सुकर आहे: पथकर भरून रस्ता वापरणारा हा ग्राहक ठरतो, हा विचार ग्राहक आयोगांनी स्वीकारलेला असल्याने, पथकराची पावती किंवा फास्टॅगची नोंद जोडून जिल्हा आयोगाकडे घटनेपासून दोन वर्षांच्या आत, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे स्वतःच्या राहत्या जिल्ह्यातही, तक्रार दाखल करता येते. नुसती मालमत्ता कराची पावती दाखवून महापालिकेविरुद्ध ग्राहक म्हणून उभे राहणे मात्र सहसा मान्य होत नाही.

अर्जात भरपाईबरोबरच दुसरी मागणीही तितक्याच ठळकपणे करावी: तो उंचवटा अमुक दिवसांच्या आत ठरलेल्या मापात आणावा किंवा काढून टाकावा. ही मागणी केवळ परोपकाराची नाही. लेखी सूचना मिळूनही यंत्रणा स्वस्थ बसली आणि त्याच जागी आणखी कोणाची हानी झाली, तर त्या दोषाची आपल्याला कल्पना नव्हती, असे म्हणण्याची सोय तिला राहत नाही. आणि तो दुसरा माणूस दुचाकीवरून पडलेला, हातपाय मोडलेला असण्याचा संभव मोटारवाल्यापेक्षा किती तरी अधिक असतो. म्हणून आवक शिक्का असलेली प्रत, मापांची छायाचित्रे आणि माहिती अधिकारात मिळालेली कागदपत्रे आपले प्रकरण मिटल्यानंतरही फाडून टाकू नयेत, आणि त्या रस्त्यावर अपघात झालेला कोणीही माणूस विचारीत आला तर त्यांच्या प्रती त्याला विनासंकोच द्याव्यात.